स्पेन्सरच्या ओळीतला 'थ्यूज': स्नायू की वळण?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोळाव्या शतकातला इंग्रजी कवी एडमंड स्पेन्सर, त्याच्या 'फेअरी क्वीन' या दीर्घकाव्याचा पहिला भाग मराठीत आणताना नवव्या सर्गात तुम्ही अडकलात. राजपुत्र आर्थर काव्याची नायिका ऊना हिला आपली जन्मकथा सांगतो. जन्मताच आईपासून दूर करून त्याला एका फेअरी सरदाराच्या हवाली केलं गेलं, कशासाठी, तर 'टु बी अपब्रॉट इन जेंटल थ्यूज अँड मार्शल माइट'. शब्दकोशात 'थ्यूज'पुढे स्नायू, शारीरिक ताकद असे अर्थ आहेत. मग 'जेंटल थ्यूज' म्हणजे मऊ स्नायू? आणि शेवटी तुम्ही विचारलंय की हा शब्द आवडलाय, तर स्वतःच्या इंग्रजी कवितेत वापरावा का.

आधी माझी फजिती सांगतो. पस्तीसेक वर्षांपूर्वी, नवा नवा शिकवायला लागलो तेव्हा, हीच ओळ मी भर वर्गात 'सुडौल शरीर आणि युद्धाचं सामर्थ्य' अशी उलगडली होती. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, मग दोन्हीकडे शरीरच झालं की. मन कुठंय?" मी काहीतरी सारवासारव केली. संध्याकाळी ग्रंथालयात मोठा कोश उघडला तेव्हा कळलं की तिचं बरोबर होतं आणि माझं सपशेल चूक.

तिचा प्रश्न हाच या ओळीचा खरा पुरावा आहे. 'माइट' म्हणजे बळ. 'थ्यूज' म्हणजेही बळच असेल, तर स्पेन्सरने बारा अवयवांच्या (शरीराचे नव्हे, उच्चाराचे अवयव, म्हणजे सिलॅबल) त्या लांब शेवटच्या ओळीत एकच गोष्ट दोनदा कशाला सांगितली असती? शिवाय क्रियापद आहे 'अपब्रॉट', म्हणजे वाढवणं, संगोपन करणं. स्नायूंमध्ये कुणी कुणाला वाढवत नाही. आणि 'जेंटल' इथे मऊ नव्हे, कुलीन. पुढच्याच सर्गात सीलिया नावाच्या साध्वीच्या मुलींबद्दल तो म्हणतो की त्या 'वेल अपब्रॉट इन गुडली थ्यूज' होत्या. त्यांतल्या दोघी थोरल्या फिडेलिया आणि स्पेरान्झा, म्हणजे श्रद्धा आणि आशा. पुन्हा तेच 'अपब्रॉट', पुन्हा तेच 'थ्यूज'. श्रद्धेचे दंड बघून कवी खूश झालाय असा अर्थ तिथे कोणी लावणार नाही.

तर 'थ्यू' हा सद्गुणासाठीचा जुना, अस्सल इंग्रजी शब्द आहे. लॅटिनवरून आलेला 'व्हर्च्यू' इंग्रजीत नव्हता, तेव्हापासूनचा. जुन्या इंग्रजीत त्याचं रूप 'थेआव'. मूळ अर्थ रीत, चाल, सवय. अनेकवचनात 'थेआवास' म्हटलं की माणसाच्या वागण्याच्या रीती, म्हणजे आचरण, आणि त्यातून सदाचरण. सदाचारी माणूस 'थेआवफॅस्ट', रीतीला धरून असलेला. दुर्गुणाला शब्द होता 'उनथेआव'. मराठीत 'अरीत' म्हटल्यासारखंच ते.

'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी महाकाव्यात नायक डेन्मार्कहून परत येऊन आपल्या राजाला तिथल्या ह्रोथगार राजाने दिलेली बक्षिसं दाखवतो, तिथे एक ओळ आहे (२१४४वी): 'स्वा से थेओदक्यूनिंग थेआवुम लिफ्दे'. असा तो लोकांचा राजा रीतीनं जगला. 'थेओद' म्हणजे जन, लोक. जुन्या इंग्रजी कवितेत सहसा अंत्ययमक नसायचं, ओळीचे दोन तुकडे आद्यध्वनीच्या अनुप्रासाने बांधलेले असायचे. इथे ती गाठ 'थ'ची आहे: 'थेओद' आणि 'थेआव', लोक आणि रीत. राजाचा गुण कोणता? दान देणं. तो मनाने उदार आहे की नाही हे कवी सांगत बसत नाही. राजाने द्यायचं असतं, ही रीत, त्याने दिलं, म्हणून तो चांगला. या शब्दातला सद्गुण हृदयात लपून बसलेला नाही, तो चारचौघांत दिसतो आणि सवयीने अंगी येतो.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. 'शील' शब्दाचं हेच झालंय. त्याचा मूळ अर्थ स्वभाव, सवय, आणि ती सवयच पुढे सद्वर्तन झाली. 'दानशील', 'प्रयत्नशील' म्हणताना आपण अजून तोच जुना अर्थ वापरतो. लॅटिनमध्ये 'मोरेस' म्हणजे चालीरीती, त्यावरून 'मॉरल'. ग्रीकमध्येही 'एथिक्स'च्या मुळाशी सवयीचाच शब्द आहे. नीतीचे शब्द बहुतेक वेळा सवयीच्या शब्दांतूनच उगवलेले दिसतात. 'व्हर्च्यू' मात्र वेगळ्या वाटेने आला, त्याच्याकडे वळतो.

लॅटिन 'विर' म्हणजे पुरुष. आपला संस्कृत 'वीर' त्याचा सख्खा भाऊ. जुन्या इंग्रजीतही 'वेर' होता. 'वेअरवुल्फ'मध्ये, म्हणजे माणूस-लांडग्यात, तो अजून जिवंत आहे. 'विर'वरून 'विर्तूस': पुरुषत्व, मर्दानगी, रणांगणावरचं धैर्य. आपलं 'वीर्य' त्याच साच्यातलं. १०६६च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्यात 'अंगचा प्रभाव' हा अर्थही होता. चौदाव्या शतकातला कवी चॉसर, त्याच्या 'कँटरबरी टेल्स'च्या अगदी सुरुवातीला एप्रिलचा पाऊस मुळांपर्यंत झिरपतो आणि त्याच्या 'व्हर्च्यू'ने फूल उमलतं. तिथे सद्गुणाचा काही संबंध नाही. आपण 'औषधाचा गुण आला' म्हणतो ना, तो गुण. १६११च्या बायबलमध्ये एक आजारी बाई गर्दीतून येशूच्या वस्त्राला हात लावते, आणि त्याला जाणवतं की आपल्यातून 'व्हर्च्यू' बाहेर गेला. तोही हाच गुण.

आता मला सगळ्यात गमतीची वाटणारी गोष्ट. हे दोन शब्द उलट दिशांनी चालत आलेत. 'व्हर्च्यू' निघाला पुरुषाच्या देहबळापासून आणि पोचला नीतीला. इतका की पुढे बाईचा 'व्हर्च्यू' म्हणजे तिचं पावित्र्य झालं. 'थ्यू' निघाला नीतीपासून आणि जाऊन बसला दंडांत आणि मांड्यांत. वाटेत दोघं एकमेकांना ओलांडून गेले, आणि ती जागा कवितेत दाखवता येते.

तेराव्या शतकाच्या सुरुवातीच्या धार्मिक गद्यात चार मुख्य सद्गुणांना 'डोके-थ्यू' म्हटलेलं सापडतं. 'कार्डिनल व्हर्च्यू'चं ते शुद्ध देशी भाषांतर. म्हणजे तोपर्यंत शब्दाचा मान शाबूत होता. चौदाव्या शतकाच्या शेवटी चॉसरकडे दोन्ही शब्द शेजारी शेजारी नांदतात. 'क्लर्क्स टेल'मध्ये गरीब झोपडीतली ग्रिसेल्डा सरदाराची बायको होते. कवी म्हणतो, ती आधीपासूनच 'व्हर्च्युअस' होती, पण आता ती 'थ्यूज गुड'मध्ये आणखी वाढली. एकाच वाक्यात दोघं. मी हे असं वाचतो: अंगचा चांगुलपणा आधीच होता, लग्नानंतर वाढलं ते वागण्याबोलण्याचं वळण. चॉसरने हा फरक मुद्दाम केला की छंदाला दोन अवयवांचा शब्द हवा होता, याची पैज मी लावणार नाही. त्याच्या काळी 'थ्यूज' दोन अवयवांत उच्चारत, 'थेव-एस' असा काहीसा. स्पेन्सरपर्यंत त्याचा एकच अवयव उरला.

बघण्यासारखी गोष्ट म्हणजे चॉसर या शब्दाला विशेषण लावतो. ग्रिसेल्डाचे 'थ्यूज' चांगले. 'मर्चंट्स टेल'मध्ये हिशोब मांडलाय की बायकोत वाईट दुर्गुणांपेक्षा चांगले 'थ्यूज' जास्त असले तरी पुष्कळ झालं. 'हाउस ऑफ फेम'मध्ये तर कीर्तिदेवीच्या दरबारात बदमाशांची एक टोळी येते आणि म्हणते, आम्हाला बदमाश म्हणूनच ओळखलं जाऊ द्या, दुर्गुणांनी आणि 'विकेड थ्यूज'नी भरलेले. तिथे 'थ्यूज'चं यमक 'श्रूज'शी जुळवलंय. ('श्रू' तेव्हा कुठल्याही बदमाश पुरुषालाही म्हणत, नंतर तो शब्द कजाग बायकोपुरता उरला.) म्हणजे शब्द मुळात तटस्थ: वळण चांगलं असेल किंवा वाईट. आपला 'गुण' अगदी असाच आहे. गुणी मुलगा म्हटलं की कौतुक. 'काय गुण उधळलेस' म्हटलं की कोणी पेढे मागत नाही. आणि 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' या म्हणीतला गुण तर थेट 'थ्यू' आहे, शेजारच्याकडून लागलेली सवय. चॉसरच्या त्या टोळीला मराठीत आणायचं झालं तर मी 'वाईट गुणांचे' एवढंच लिहीन.

स्पेन्सरच्या वेळेला मात्र हा शब्द म्हातारा झाला होता. त्याचं 'शेफर्ड्स कॅलेंडर' १५७९ साली निघालं. त्यातल्या फेब्रुवारीच्या संवादगीतात एका वृद्ध कवीच्या गोष्टींना 'वेल थ्यूड' म्हटलंय. पुस्तकासोबत 'ई. के.' अशा आद्याक्षरांनी कोणीतरी टिपा दिल्या आहेत, आणि त्याला या शब्दावर टीप द्यावी लागली: अर्थ, नैतिक शहाणपणाने भरलेल्या. तोही आधी लॅटिनमध्ये सांगून मग इंग्रजीत! इंग्रजांना स्वतःच्या घरचा शब्द परकी भाषेच्या काठीने समजवायची वेळ आली होती. स्पेन्सर हे जाणूनबुजून करत होता. त्याला चॉसरच्या गादीवर बसायचं होतं आणि त्या गादीचा वास हवा असेल तर जुने शब्द हवेत. नाटककार बेन जॉन्सनला ते मुळीच पटलं नाही. तो म्हणाला की जुन्यांची नक्कल करता करता स्पेन्सरने कुठलीच भाषा लिहिली नाही. मला जॉन्सनचा टोमणा आवडतो, पण 'थ्यूज'च्या बाबतीत तो अन्याय आहे. 'जेंटल व्हर्च्यूज' म्हटलं असतं तर ओळ धर्मोपदेशाची झाली असती. 'थ्यूज'ने ती संगोपनाची, हाताखाली वाढण्याची झाली.

'फेअरी क्वीन'चे पहिले तीन भाग १५९०चे. आणि मग जेमतेम दहा वर्षांत शेक्सपिअर. त्याच्याकडे हा शब्द तीन ठिकाणी येतो आणि तिन्ही वेळा देहाकडचा म्हणून. पण तिन्ही जागा शेजारी ठेवून बघा.

'ज्युलियस सीझर'मध्ये कॅशियस कुरकुरतो की आजच्या रोमनांना 'थ्यूज' आणि हातपाय पूर्वजांसारखेच आहेत, पण बापजाद्यांची मनं मेली. 'हॅम्लेट'मध्ये लेअर्टिस बहिणीला बजावतो की माणूस वाढतो तो नुसता 'थ्यूज' आणि आकारमानाने नाही. देहाचं मंदिर मोठं होतं तशी आतली मनाची आणि आत्म्याची सेवाही वाढते. आणि 'हेन्री द फोर्थ'च्या दुसऱ्या भागात फॉल्स्टाफ सैन्यभरती करतो. धडधाकट दोघांना पैसे घेऊन सोडून दिलंय, उरलेत काडीपैलवान. त्यांचं समर्थन करताना तो म्हणतो, हातपाय, 'थ्यूज', उंची, आकार यांची मला काय पर्वा? मला हिंमत द्या हो, हिंमत.

तीनही वेळा 'थ्यूज' एका पारड्यात आणि मन, आत्मा, हिंमत दुसऱ्या पारड्यात. ज्या शब्दाचा अर्थ दोनशे वर्षांपूर्वी नेमकं ते दुसरं पारडं होता, तो आता समोरच्या बाजूला जाऊन बसलाय. फॉल्स्टाफच्या तोंडी तर हे फारच झकास बसतं: लाच खाल्लेला माणूस सद्गुणाच्या जुन्या शब्दाला हाकलून लावतो आणि 'स्पिरिट'चा जयघोष करतो. शेक्सपिअरला शब्दाचा जुना अर्थ इथे कानात वाजत होता का, ते सिद्ध करता येणार नाही. मला स्वतःला वाटतं की निदान लेअर्टिसच्या भाषणात तो वाजतो, कारण ते भाषणच वळणाबद्दलचं आहे.

नीतीकडून शरीराकडे ही उडी कशी पडली? मधला पूल म्हणजे 'अंगचे चांगले गुण'. सद्गुण मनाचे तसे देहाचेही असू शकतात: उंची, बांधा, जोर. शेक्सपिअरकडे अर्थ या पुलावरच आहे, म्हणजे बांधा, देहसंपदा. स्नायू असा काटेकोर अर्थ अजून नाही. डॉ. सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या कोशात दोन्ही अर्थ नोंदवले: पहिला गुण, रीती, सवयी, आणि दुसऱ्यापुढे लिहिलं की शेक्सपिअरमध्ये याचा अर्थ मांसलपणा किंवा आकार असावा, बहुधा सॅक्सन भाषेतल्या मांडीच्या शब्दावरून. साफ चुकीची व्युत्पत्ती, पण अंदाज बांधताना त्याने संकोच केला नाही हे मला आवडतं.

स्नायूचा अर्थ घट्ट केला तो वॉल्टर स्कॉटने. १८१७च्या अखेरीस आलेल्या 'रॉब रॉय'मध्ये एका सहप्रवाशाचं वर्णन 'थ्यूज अँड सिन्यूज' असं येतं. 'सिन्यू' म्हणजे स्नायुबंध. 'थ्यू', 'सिन्यू': जोडी कानाला इतकी गोड की लोकांना वाटलं दोन्हीचा अर्थ एकच. कपडेलत्ते, भाजीबिजी म्हणताना आपल्याकडे दुसरा शब्द पहिल्याच्या सावलीत जातो, तसं. तिथून पुढे टेनिसनच्या 'इन मेमोरियम'मध्ये (१८५०) स्वप्नातला कवी स्वतःच्या अंगात अनाकीमांचे, म्हणजे बायबलमधल्या राक्षसकाय लोकांचे, 'थ्यूज' वाढताना अनुभवतो. जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स 'हॅरी प्लाउमन'मध्ये नांगऱ्याच्या देहाचं वर्णन करताना हा शब्द एकवचनात वापरतो, कुठे गोठून गाठ आलेला, कुठे आत ओढला गेलेला 'थ्यू'. चित्रकाराने पेन्सिलने काढावा तसा एकेक स्नायू. आणि १९३२पासून रॉबर्ट हॉवर्डच्या कॉननच्या कथांत तर 'थ्यूज' म्हणजे रानटी वीराचे फुगलेले दंड. बेओवुल्फच्या राजापासून कॉननपर्यंत.

जुना अर्थ एका कोपऱ्यात मात्र टिकला, तोही नकारातून. स्कॉटिश बोलीत 'थोलेस' म्हणजे आळशी, ढिला, दम नसलेला. मुळात अर्थ 'थ्यूविना', रीत नसलेला. रॉबर्ट बर्न्स एका मित्राला लिहिलेल्या पत्रकवितेत आपल्या दमून कंटाळलेल्या प्रतिभेला 'थोलेस' म्हणून हाकारतो. वळण नसलेली, म्हणून निकामी. आपली 'बेशिस्त' इतकी खाली घसरत नाही, पण 'वळण नसलेला पोर' म्हटलं की जवळपास तिथेच पोचतो.

आता मराठीत काय लिहायचं. तीन शब्द समोर येतात. 'सद्गुण' बरोबर आहे पण शाळेच्या भिंतीवरच्या सुविचारासारखा लागतो, आणि मग 'व्हर्च्यू'साठी तुमच्याकडे शब्द उरत नाही. 'शील' व्युत्पत्तीच्या दृष्टीने सगळ्यात जवळचा, पण आजच्या मराठीत तो, विशेषतः बाईबद्दल बोलताना, एकाच गोष्टीपुरता उरलाय. ग्रिसेल्डाचं 'शील वाढलं' असं लिहिलंत तर वाचक गोंधळेल. मी स्वतः 'वळण' पसंत करतो. मुलाला वळण लावतात, अक्षराला वळण असतं, ते बाहेरून लावलं जातं आणि मग अंगचंच होऊन जातं. नेमकं 'थ्यू'. आर्थरच्या ओळीसाठी मी असं काहीसं करीन: 'कुळाचं वळण लागावं, युद्धाचं बळ यावं म्हणून'. 'वळण' आणि 'बळ' यांच्या 'ळ'मध्ये थोडा नाद येतो, तोही 'मार्शल माइट'च्या 'म'ऐवजी चालून जाईल. सीलियाच्या मुलींना मात्र 'सद्वर्तनात वाढवलेल्या' बरं, कारण तिथे धर्माचं घर आहे आणि नुसतं वळण तोकडं पडतं. एका शब्दाला एकच प्रतिशब्द हा हट्ट धरू नका.

शेक्सपिअर करायला घ्याल तेव्हा 'बांधा' किंवा 'अंगबळ'; स्कॉट आणि पुढच्यांसाठी 'स्नायू' खुशाल लिहा. ठरवायचं कसं? शेजारी कोण बसलंय ते बघायचं. 'अपब्रॉट', 'गुड', 'विकेड', 'वाइज' असेल तर वळण. 'लिंब', 'बल्क', 'सिन्यूज' असेल तर देह. साल १६०० ही ढोबळ रेघ, पण ती विटाळाची रेघ नव्हे. मागेपुढे एखादा शब्द तिच्यावर पाय देऊन उभा असतो.

स्वतःच्या कवितेबद्दल: जुन्या अर्थाने वापरू नका. आज कोणताही इंग्रजी वाचक 'थ्यूज' वाचला की कॉननच डोळ्यांसमोर आणतो, आणि तुमच्या कवितेला ई. के.सारखी टीप जोडावी लागेल. स्पेन्सरला ते शोभलं, कारण तो हजारो ओळींचं एक आख्खं जुनाट जग उभारत होता आणि त्या जगात असे शेकडो शब्द एकमेकांना सांभाळून घेत होते. चौदा ओळींच्या कवितेत एकटा पडलेला 'थ्यूज' लग्नात नऊवारी नेसून आलेल्या परदेशी पाहुणीसारखा दिसतो. सगळे फक्त तिच्याकडेच बघतात. अगदीच मोह आवरत नसेल तर शेक्सपिअरची युक्ती उचला: देहाच्या अर्थानेच वापरा, पण समोर मन ठेवा, म्हणजे ज्याला जुना अर्थ ठाऊक आहे त्याला तो ऐकू येईल आणि ज्याला नाही त्याचं काही अडणार नाही.